मुलांना शिकावयास पाठविताना

शाळा सुटल्यावर मुलाने पोहणे, पेटी, तबला वा क्रिकेट शिकावे, सुटीत शिबिरास जावे, ही पालकांची इच्छा स्तुत्यच आहे. केवळ पाठ्यपुस्तकांनी माणूस घडत नाही, हे आम्ही शिक्षकही मानतो. परंतु मुलाचे नाव घालताना पालक बहुधा दोनच प्रश्न विचारतात : फी किती आणि वेळ कोणती? येथे आपले मूल सुरक्षित राहील काय, हा तिसरा प्रश्न मात्र संकोचामुळे ओठांवरच राहतो.

आमच्या वर्गातील एक मुलगा पोहण्याच्या वर्गास जावयास एकाएकी नकार देऊ लागला. वडिलांनी त्यास आळशी ठरविले. आम्ही जवळ बसवून विचारले, तेव्हा कळले, की तीसेक मुलांवर एकच शिक्षक होता. हा मुलगा गटांगळ्या खात कसाबसा काठास लागला, आणि ते कोणाच्या ध्यानीही आले नव्हते. बुडणारे मूल हाका मारील, अशी आपली समजूत असते. वस्तुतः श्वासासाठी चाललेल्या धडपडीत त्याच्या तोंडून बहुधा शब्दच फुटत नाही. म्हणून पाण्याकाठी शिकविणाऱ्याखेरीज केवळ लक्ष ठेवणारा, जीवरक्षणाचे शिक्षण घेतलेला मनुष्य हवाच.

पाण्याचा धोका निदान दिसतो. माणसाकडून होणारा दिसत नाही. मुलांस पीडा देणारा बहुधा अनोळखी नसतो, तो विश्वासातलाच असतो. यास्तव कोणाच्या कीर्तीवर विसंबू नये, संस्थेची रीत पाहावी. नेमणुकीपूर्वी शिक्षकाची चौकशी होते काय? शिकवणी उघड्या दाराने, इतरांच्या दृष्टीसमोर चालते काय? मुक्कामाच्या सहलीत मुलींसोबत शिक्षिका असतात काय? मूल कोणाच्या स्वाधीन केले, याची नोंद राहते काय? एकट्या मुलास भेटवस्तू, मोबाइलवर खाजगी संदेश, ‘घरी सांगू नकोस’ अशी गुपिते, ही लक्षणे दिसताच सावध व्हावे. अधूनमधून न कळविता जाऊन पाहावे. चांगल्या संस्थेस अशा चौकशीचा राग येत नाही. ज्या संस्थेस येतो, तिच्याविषयीचे उत्तर आपणांस तेथेच मिळाले, असे समजावे.

कायदाही पाठीशी आहे. आमच्या गोव्याने २००३ साली बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला. २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा देशातील १८ वर्षांखालील मुलगे व मुली या दोघांसही लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देतो. असा गुन्हा ठाऊक असूनही पोलिसांस न कळविणे, हा त्यानुसार अपराध आहे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहे.

विद्यार्थ्यांनो, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, ही आपली शिकवण खरी. परंतु जे कृत्य तुम्हांस भय वा लाज वाटावयास लावते, ते निमूटपणे सोसणे म्हणजे मान राखणे नव्हे. ते घरी सांगा, आम्हांस सांगा. दोष तुमचा नसतो. आणि पालकहो, मूल सांगू लागले, की प्रथम ऐका. रागवावयास पुढे वेळ आहे.

तो मुलगा आता दुसरीकडे पोहावयास जातो. प्रारंभीचे काही दिवस त्याचे वडील काठावर बसून असत.