सेवा करून घेण्याची कृपा

वाचन : योहान १३:१-१०, २१:१८-१९



सेवा करण्याविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. सेवा करून घेण्याविषयी मात्र क्वचितच. तरीही हा धडा आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी शिकावा लागणार आहे.

माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारात मी हे जवळून पाहिले. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या उशाशी रात्री जागून काढल्या होत्या. पण मी अंग पुसण्यासाठी पाणी घेऊन गेलो की ते भिंतीकडे तोंड फिरवीत. मी समजूत घालीत असे, प्रसंगी रागावतही असे. पुढे हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना शमवणाऱ्या शुश्रूषागृहात, अनेक वर्षे काम केलेल्या एक परिचारिका घरी येऊ लागल्या. त्यांनी प्रथम खोलीचे दार लोटले, वडिलांच्या अंगावर चादर पांघरली आणि विचारले, “बाबा, आधी हात पुसू की पाय?” ओला रुमाल त्यांच्याच हाती देऊन तोंड त्यांना स्वतःला पुसू दिले. त्या दिवशी वडिलांनी नकार दिला नाही. नंतर त्या मला म्हणाल्या, “त्यांना पाण्याचा कंटाळा नव्हता. आपल्याला कोणी विचारीत नाही, याचे त्यांना दुःख होते.”

आता पेत्राकडे पाहा. प्रभू पाय धुण्यास वाकला तेव्हा त्याने साफ नकार दिला. वरवर ही नम्रता दिसते. पण आपल्या गुरूकडून काय घ्यावे हे तोच ठरवू पाहत होता. पुढच्याच क्षणी तो हात व डोकेही धुण्याची मागणी करतो! प्रभूने त्याचे पाय बळेच ओढले नाहीत. त्याने कारण सांगितले, आणि जेवढे आवश्यक तेवढेच केले. दहाव्या वचनात मूळ ग्रीकमध्ये दोन क्रियापदे आहेत : ‘लूओ’ म्हणजे सर्वांगाला स्नान घालणे, आणि ‘निप्तो’ म्हणजे हात, पाय असा एखादा अवयव धुणे. ज्याचे स्नान झाले आहे त्याला पुन्हा स्नान घालावयाचे नसते. उत्तम शुश्रूषाही अशीच असते : रुग्णाला जे स्वतः करता येते ते ती त्याच्या हातून काढून घेत नाही.

आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रवर्तक सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्याची वेदना केवळ शारीरिक नसते. ती मानसिक, सामाजिक व आध्यात्मिकही असते, असे त्या शिकवीत. आपल्या देशात १९८६ साली मुंबईच्या वांद्रे येथे ‘शांती अवेदना’ ही संस्था उभी राहिली. रुग्णाचा संकोच हाही त्याच्या वेदनेचा भाग आहे, हे ओळखल्यावाचून अशी सेवा होऊ शकत नाही.

योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू कमरेस रुमाल बांधतो. एकविसाव्या अध्यायात तो पेत्राला सांगतो की, म्हातारपणी तू हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील. दोन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद एकाच धातूपासून आले आहे. हे भाकीत पेत्राच्या मरणाविषयी होते, असे योहान स्पष्ट सांगतो. पण भोजनाच्या रात्री पाय मागे घेणाऱ्या शिष्याला अखेर हात पुढे करावे लागले, हे विसरू नये. आणि त्या पराधीनतेतही देवाचे गौरव होणार होते.

म्हणून, वाचकहो, आपण सेवा करीत असाल तर आधी विचारा, थांबा, आणि निवड रुग्णाकडे राहू द्या. आपण स्वतः अंथरुणावर असाल तर लाजू नका. आपले पाय पुढे करणे हेही शिष्यत्वच आहे.

मननासाठी प्रश्न
१. कोणाची मदत घेणे मला सर्वांत कठीण जाते, आणि का?
२. माझ्या घरातील रुग्णाला मी शेवटचे कधी ‘तुम्हाला कसे बरे वाटेल?’ असे विचारले?