शब्दाचा हक्क आणि बंदुकीचा परवाना

इंग्रजी अमदानीतील १८७८ हे वर्ष राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत त्या एका वर्षात दोन कायदे झाले. पहिला देशी भाषांतील वृत्तपत्रांचा. त्याने मॅजिस्ट्रेटला देशी छापखानेवाल्याकडून जामीन घेण्याचा आणि वेळप्रसंगी छापखाना जप्त करण्याचा अधिकार दिला. इंग्रजी पत्रे मात्र त्यातून मोकळी होती. दुसरा हत्यारांचा कायदा. त्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी केली, आणि येथेही युरोपियन लोक मोकळेच राहिले. म्हणजे ज्याची लेखणी बांधली त्याचीच बंदूकही काढून घेतली. पहिला कायदा रिपनच्या काळात रद्द झाला. दुसरा कमीअधिक फेरफारांनिशी स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ मध्ये अंमलात आला तेव्हा कुठे त्याची जागा भरली.

भाषणस्वातंत्र्य आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क हे दोन विषय अमेरिकेतील वादामुळे अलीकडे एका दमात उच्चारले जातात. ते आपल्याकडेही जुनेच आहेत, आणि आपण त्यांचा निकाल निराळ्या तऱ्हेने लावला आहे. तो कसा, हे येथे पाहावयाचे आहे.

गोव्याचा दाखला प्रथम घेऊ, कारण तो घरचा आहे. सालाझारच्या राजवटीत येथे शब्दालाच परवाना लागे. वर्तमानपत्राच्या मथळ्याजवळ ‘सेन्सॉरने पाहिले’ अशा अर्थाचा पोर्तुगीज शेरा छापलेला असे; जाहीर सभा परवानगीवाचून भरत नसे; लग्नाच्या निमंत्रणपत्रिकादेखील तपासणीतून जात, असे त्या काळचे लोक सांगत आले आहेत. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी हा परवाना न घेता सभा भरविली. त्या प्रसंगाच्या हकीकतीत येते की तेथील प्रशासक कॅप्टन मिरांडा याने रिव्हॉल्व्हर काढले आणि लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. १९५४ मध्ये एका भोजनसमारंभात ‘गोवा म्हणजे पोर्तुगालच’ असे वक्ता बोलून गेला, तेव्हा डॉ. पुंडलीक गायतोंडे यांनी ‘मी निषेध करतो’ एवढेच म्हटले. तेवढ्यासाठी त्यांना अटक झाली व पोर्तुगालला नेण्यात आले. या उच्चारात धमकी कोठे होती? ज्याच्याजवळ सगळ्या बंदुका होत्या त्याला मात्र ती ऐकू आली. धमकी हा शब्द कायद्यात किती जपून वापरावा लागतो, हे या उदाहरणावरून कळावे.

आता घटनेकडे वळू. एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य नागरिकाला दिले. ते मागावे लागत नाही; जो अडवतो त्याने कारण दाखवावयाचे असते. ती कारणे याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात आहेत, आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने त्यांत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ व ‘अपराधास चिथावणी’ यांची भर घातली. निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत हा शब्दही त्याच वेळी आला. शस्त्राचे काय? १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही मोजला होता. त्याच्या आधी, जानेवारी १९३० मध्ये, गांधीजींनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत अशी एक मागणी होती. अहिंसेचा पुरस्कर्ता ही मागणी करतो याचे नवल वाटते, पण १८७८ चा कायदा हा अपमान आहे ही भावना सर्वत्रच होती. म्हणूनच डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामत यांनी घटना समितीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, प्रत्येकाने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार विकत घ्यावे आणि राज्याने ते रोखू नये, असे झाल्यास राज्यकारभार चालणार कसा? दुरुस्ती फेटाळली गेली. उलट ‘शांततेने व विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा हक्क घटनेत आला. हे ‘विनाशस्त्र’ विद्यार्थी बहुधा घाईने वाचून पुढे जातात. माझ्या मते सबंध विषयाची किल्ली तेथे आहे: शब्द हक्काचा, बंदूक परवान्याची, आणि जेथे शब्द चालू आहेत तेथे बंदूक आणावयाची नाही.

अमेरिकेने दोन्ही हक्काच्या बाजूला ठेवली. तेथील पहिली घटनादुरुस्ती भाषणाची, दुसरी शस्त्राची. २००८ च्या हेलर निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुसरी दुरुस्ती व्यक्तीला स्वसंरक्षणार्थ शस्त्र बाळगण्याचा हक्क देते असे ठरविले, आणि २०२२ च्या ब्रुएन निकालाने तो घराबाहेरही नेला. मग असे दृश्य संभवते: एप्रिल २०२० मध्ये मिशिगन राज्याच्या विधानभवनात काही निदर्शक बंदुका घेऊन शिरले. ते घोषणा देत होते. त्या घोषणा म्हणजे भाषण म्हणावे की धमकी? वरच्या सज्जात लांब बंदूक घेतलेला माणूस उभा असता खालच्या सदस्याने मत कसे द्यावे? हे दोन हक्क एका खोलीत निर्धास्त नांदू शकतात असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

तरीही धमकी कशाला म्हणू नये याविषयीचा एक चांगला धडा अमेरिकेतूनच मिळतो. १९६६ मध्ये वॉशिंग्टनमधील एका सभेत वॉट्स नावाचा अठरा वर्षांचा तरुण व्हिएतनाम युद्धासाठीच्या सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध बोलला. आपल्या हाती रायफल दिलीच तर पहिला नेम राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवर धरू, अशा अर्थाचे वाक्य त्याने उच्चारले. श्रोते हसले, त्याच्यावर खटला झाला व शिक्षाही झाली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या: बोलणे राजकीय वादाच्या ओघात होते, ते ‘जर-तर’चे होते, आणि ऐकणाऱ्यांनी ते हसण्यावारी नेले. ही राजकीय अतिशयोक्ती होय, खरी धमकी नव्हे. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक अट घातली: आपले बोलणे धमकी समजले जाईल याची निदान बेफिकिरी तरी बोलणाऱ्याच्या मनात असली पाहिजे.

आपल्या कायद्यात फौजदारी धाकदपटशाची व्याख्या पूर्वी दंड संहितेच्या ५०३ कलमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ३५१ कलमात आहे. दुसऱ्याच्या शरीराला, लौकिकाला किंवा मालमत्तेला हानी पोचविण्याची भीती घालणे, आणि ती त्याला घाबरवण्याच्या किंवा त्याच्याकडून नको ते करवून घेण्याच्या उद्देशाने घालणे, असे तिचे दोन भाग आहेत. दुसरा भाग, म्हणजे उद्देश, विसरला की प्रत्येक कडक वाक्य गुन्हा ठरते.

हा विसर पडल्याचे आपल्या इतिहासातील ठळक उदाहरण लोकमान्यांचे. एप्रिल १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. त्यानंतर ‘केसरी’त जे लेख आले त्यांपैकी एकाचा रोख असा होता की हत्यारांच्या कायद्याने बंदूक काढून घेता येते, पण बॉम्ब ही कारखान्यातील वस्तू नसून ज्ञान आहे, ते कायद्याने जप्त होणार नाही, उपाय हवा तर लोकांना हक्क द्या. सरकारी पक्षाने याचा अर्थ ‘हक्क द्या, नाहीतर बॉम्ब’ असा लावला. टिळकांचे म्हणणे, मी होणारी गोष्ट सांगतो आहे. नऊ ज्यूररांपैकी सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोषी, न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. इशारा आणि धमकी यांत भेद काय? ज्या अनर्थाची सूत्रे बोलणाऱ्याच्या हाती नाहीत त्याविषयी तो बोलतो तेव्हा तो इशारा. सूत्रे माझ्या हाती आहेत असे तो सुचवतो तेव्हा धमकी. पाऊस येईल म्हणणारा ढग हाकीत नसतो. आठ वर्षांनी, १९१६ मध्ये, बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यावरील भाषणांबद्दल टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका मागण्यात आला, तो मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबरात रद्द केला.

पुढचा टप्पा गाठण्याचे श्रेय योगायोगाने पुन्हा लोहियांकडे जाते. १९५४ मध्ये उत्तर प्रदेशात त्यांनी शेतकऱ्यांना वाढीव पाटबंधारे कर भरू नका असे सांगितले आणि त्यांना अटक झाली. १९६० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भाषण आणि अव्यवस्था यांचा संबंध निकटचा असला पाहिजे. दूरचा, कल्पनेने ताणलेला चालणार नाही. १९६५ मध्ये बिहार सरकारने त्यांना स्थानबद्ध केले तेव्हा न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक अशी तीन वर्तुळे काढून दाखविली: सर्वांत बाहेरचे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, अगदी आत राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळातील भांडण आतल्या वर्तुळातील संकट नव्हे. परीक्षेसाठी ही आकृती वहीत काढून ठेवावी. हजार शब्दांचे काम ती करते.

हे सारे एका गावाला लावून पाहू. डिचोली तालुक्यातील मये घ्या. तेथील जमिनीची कथा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पोर्तुगीज काळी ती कोंदाच्या जहागिरीची. १९६१ नंतर स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात गेली, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली, कुळागरे राखली त्यांच्या हाती मालकीचा कागद आला नाही. २०१४ मध्ये विधानसभेला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा गावच्या एखाद्या सभेत कोणी म्हणाला, ‘मोजणीची साखळी घेऊन आमच्या दारात याल तर चालत परत जाणार नाही,’ असे समजू. उदाहरण कल्पित आहे, पण वाक्य कोणत्याही गावच्या सभेत शोभेल असे. वॉट्सच्या कसोट्या लावा. सार्वजनिक प्रश्नावरचे आहे, जर-तरचे आहे, श्रोते टाळ्या वाजवून मोकळे होतील. धमकी म्हणणे कठीण.

आता त्याच वक्त्याच्या खांद्यावर बंदूक द्या. कल्पना अगदीच हवेतील नाही. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून शेत राखण्यासाठी आपल्याकडे परवान्याच्या बंदुका असतात. १९५९ च्या अधिनियमाचे तेरावे कलम पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख करते. (ती रोखण्यासाठी, मारण्यासाठी नव्हे, रानडुक्कर मारावयाचे तर वन्यजीव कायद्याची परवानगी निराळी.) वाक्यातील एक अक्षरही बदललेले नाही, तरी आता मोजणीदार घरी जाऊन झोपणार नाही. जर-तरची अट तीच आहे, पण ती पुरी करण्याचे साधन समोर आले. टाळ्यांचाही अर्थ बदलला. ‘विनाशस्त्र’ या शब्दाने घटना वाचवते ते याच माणसाला, वक्त्यालाही. बंदूक घरी असेपर्यंत त्याला मनसोक्त कडक बोलता येते.

निवडणुकीच्या दिवसांत परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात त्यामागे हाच विचार आहे. त्याच वेळी डुकरे मात्र आचारसंहिता पाळत नाहीत, ही शेतकऱ्याची तक्रार रास्त होय. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्हा पातळीवरील छाननी समिती परवानाधारकाची प्रकरणे पाहते: तो जामिनावर सुटलेला आहे काय, गुन्ह्यांचा किंवा दंगलीचा पूर्वेतिहास आहे काय. सभेत तो काय बोलला हा निकष त्यात नाही, आणि नसावाच.

कन्नड विभागाच्या वाचकांना येथे कोडगूची आठवण होईल. तेथील कोडव जमातीला आणि जम्मा जमीनधारकांना १८६१ पासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. कैलपोळ्दच्या सणात बंदुकीची पूजा होते. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही सूट वैध ठरविली. म्हणजे आपल्या देशातही बंदूक जवळजवळ हक्काची असलेला एक कोपरा आहे, आणि तरी तो धाकदपटशासाठी कोणी ओळखत नाही. आंबेडकरांचे उत्तर येथे अपुरे पडते असे कोणी म्हटले तर वर्गात त्यावर चर्चा व्हावी. माझे मत असे की ती सूट जमिनीशी, कुळाशी आणि रीतीशी बांधलेली आहे. सर्वांसाठी उघडलेल्या बाजाराशी तिची तुलना होत नाही.

राहिला सर्वांत अवघड भाग. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे, ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात डॉ. एम. एम. कलबुर्गी, ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरूत गौरी लंकेश. दोन मराठीत बोलणारे-लिहिणारे, दोन कन्नडमध्ये. चौघांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. दाभोलकरांना धमक्या येत होत्या, तरी त्यांनी पोलीस संरक्षण घेतले नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्यांच्या हत्येबद्दल दोघांना जन्मठेप दिली व तिघांना सोडले. या प्रकरणांच्या तपासात गावठी पिस्तुलांचा उल्लेख येतो. तशा हत्याराला तेरावे कलम लागत नाही, छाननी समिती लागत नाही. निवडणुकीच्या आधी मयेचा शेतकरी आपली ठासणीची बंदूक डिचोलीच्या ठाण्यात जमा करून पावती घेतो. ते पिस्तूल कोणत्याच ठाण्याच्या नोंदवहीत नसते.