काशीतला वैदर्भी आणि उणे आठ योजने

प्रश्न : गॅलिलिओ, केप्लर यांच्या काळात आपल्या विदर्भात कुणी गणिती होऊन गेला का?
— एक वाचक, आंजी (मोठी), जि. वर्धा

उत्तर : एक कशाला, अख्खं घराणं होतं. एलिचपूरच्या मुलखात पयोष्णीकाठी दधिग्राम नावाचं गाव होतं. तिथले बल्लाळ काशीला जाऊन राहिले. त्यांच्या पाच मुलांपैकी कृष्ण दैवज्ञ हा तुम्हाला हवा असलेला माणूस. त्याचे गुरू विष्णू गोदाकाठच्या गोलग्रामचे आणि विष्णूंचे गुरू नृसिंह हे ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांचे पुतणे. राहणं काशीत, पण विद्या मराठी मुलखातली!

कृष्णावर जहांगीर बादशहाची मर्जी होती. अब्दुर्रहीम खानखानाची पत्रिका उदाहरणाला घेऊन त्याने एक ग्रंथही लिहिला. पत्रिका राहू द्या. त्याचं खरं काम ‘बीजपल्लव’. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वरची ही टीका 1600च्या आसपासची. नियम सांगून हा गृहस्थ थांबत नाही, तो असाच का, तेही पटवून देतो.

ऋण संख्येचंच बघा. ऋणपणा तीन तऱ्हांचा, असं तो म्हणतो : स्थळाचा, काळाचा आणि वस्तूचा. वस्तूचा म्हणजे कर्ज, ते कुणालाही कळतं. स्थळाचा समजवायला तो काशीतच उभा राहतो. पाटणा पूर्वेला 15 योजने, प्रयाग पश्चिमेला 8. पूर्व धन धरली तर प्रयाग उणे 8वर. दोन्ही गावांमधलं अंतर हवं तर वजाबाकी करायची, आणि ते भरतं 23 योजने. उणे वजा केलं की बेरीज का होते, हे शाळेत घोकून घेतात. इथे ते वाटेवर दिसतं. तुम्ही आंजीत उभे राहून वर्ध्याकडचे कोस धन आणि आर्वीकडचे ऋण धरा, हिशेब तोच. तिकडे युरोपात 1637 सालीसुद्धा देकार्तसारखा गणिती समीकरणाच्या ऋण उत्तरांना ‘खोटी’ म्हणत होता.

कृष्णाचा भाऊ रंगनाथ यानेही ‘सूर्यसिद्धान्ता’वर टीका लिहिली. ती 1603 साली पुरी झाली त्याच दिवशी त्याला मुलगा झाला. तो मुनीश्वर. पुढे 1646 साली त्याने ‘सिद्धान्तसार्वभौम’ रचला.