जुनं कार्ड, बीटा ड्रायव्हर आणि परतीची वाट

मी पडले कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे या लेखात इंग्रजी शब्द जरा जास्तच येतील, सांभाळून घ्या. पण विषय आपल्या सगळ्यांच्या रूममधला आहे. अक्कलकुव्यात हॉस्टेलवर राहणाऱ्यांपैकी किती जणांकडे कोरा करकरीत पीसी आहे? कुणी मोठ्या भावाचा आणलाय, कुणी सुरतहून सेकंडहँड घेतलाय, कुणी नंदुरबारहून. कोअर टू ड्युओ, चार जीबी रॅम आणि एक दहा-पंधरा वर्षं जुनं ग्राफिक्स कार्ड. त्याच्यावरच थर्ड इयरचं मॉडेलिंग करायचं आणि त्याच्यावरच प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन.

अशा पीसीवर विंडोज नव्याने टाकलं की स्क्रीन मोठ्या-मोठ्या अक्षरांत दिसते, थ्रीडी सॉफ्टवेअर उघडत नाही किंवा गोगलगायीसारखं चालतं. आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीचं असंच झालं. एका दुकानात दाखवलं तर "कार्ड गेलंय, नवीन घ्या" असं उत्तर मिळालं. कार्ड गेलं नव्हतं, त्याचा ड्रायव्हर गेला होता. नवीन कार्डाचे पैसे म्हणजे तिची दोन महिन्यांची मेस. म्हणून हा लेख.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय?

आपल्या इथला आठवड्याचा बाजार डोळ्यासमोर आणा. मोलगीकडून आलेली मावशी पावरीत बोलते, व्यापारी गुजरातीत भाव सांगतो, आणि मध्ये दोन्ही भाषा येणारा कुणीतरी उभा असतो. तो असला की व्यवहार पटापट होतो. तो नसला की बोटांनी खुणा. ड्रायव्हर म्हणजे हा दुभाषा. विंडोज एक भाषा बोलते, कार्डाची चिप दुसरी.

दुभाषा नसला तर विंडोज १० खुणांवर काम भागवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तेव्हा कार्डाच्या नावाऐवजी "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असं दिसतं. या अवस्थेत ओपनजीएल फक्त १.१ पर्यंत मिळतं, तेही प्रोसेसरच्या जिवावर. म्हणून मॉडेलिंग सॉफ्टवेअर रडतं. दुकानात जाण्याआधी ही एक ओळ बघा. निदान अर्धं तिथेच होतं.

बीटा म्हणजे काय, आणि जुन्या कार्डाशी त्याचा काय संबंध?

कंपनी ड्रायव्हर तयार करते, मग मायक्रोसॉफ्टची चाचणी होते. ती पास झाली की त्याला डब्ल्यूएचक्यूएलचा शिक्का मिळतो. बीटा म्हणजे अभ्यास झालाय, पण पेपर दिलेला नाही. नवीन कार्डावर बीटा टाकणं ही हौस असते, कारण महिनाभरात पक्का ड्रायव्हर येतोच. जुन्या कार्डाची गोष्ट वेगळी. तिथे बीटा कधीकधी शेवटचाच असतो.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे एएमडीची रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० मालिका. एचडी ५४५० हे छोटं कार्ड २०१० मध्ये आलं आणि सेकंडहँड पीसीत ते अजूनही सापडतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीने या मालिका 'लेगसी'त टाकल्या. त्यांचा शेवटचा शिक्क्याचा ड्रायव्हर म्हणजे जुलै २०१५ चा कॅटलिस्ट १५.७.१. त्यानंतर २०१६ च्या सुरुवातीला क्रिमसन १६.२.१ बीटा आला आणि तिथेच पूर्णविराम. तो बीटा कधीच पक्का झाला नाही, होणारही नाही. त्यामुळे "थांबा, फायनल येऊ दे" हा सल्ला इथे चालत नाही. यापैकी कोणता टाकायचा हे आपणच ठरवायचं.

एनव्हिडियाकडे चित्र थोडं सोपं आहे. जीफोर्स २१० सारख्या कार्डांचा सपोर्ट एप्रिल २०१६ मध्ये संपला, पण त्यानंतरही डिसेंबर २०१६ मध्ये ३४२.०१ हा ड्रायव्हर आला. तोच शेवटचा. जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकांसाठी शेवटचा ३९१.३५, मार्च २०१८ चा. ३२ बिट विंडोजसाठीही ३९० च्या पुढे काही नाही. अशा कार्डावर नवीनातला नवीन बीटा डाऊनलोड करत बसलात तर सेटअप सरळ सांगतो की योग्य हार्डवेअर सापडलं नाही. त्याच्या यादीत तुमचं कार्डच नसतं.

माझा नियम असा: आधी शेवटचा शिक्क्याचा ड्रायव्हर. तो नीट चालला तर तिथेच थांबा. त्यात ठरावीक त्रास असेल, तरच बीटा. मैत्रिणीच्या एचडी ५४५० वर १५.७.१ टाकल्यावर सगळं सुरू झालं, फक्त असेंब्ली फिरवली की काळे ठिपके यायचे. १६.२.१ बीटाने ते गेले. म्हणून तिथे बीटा ठेवला. शेजारच्या रूममधल्या जीफोर्स २१० वर ३४२.०१ पहिल्याच दिवशी चालला, म्हणून पुढे हात लावला नाही.

उतरवण्याआधी

१. कार्ड ओळखा. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज. 'व्हेंडर' आकडा १००२ असेल तर एएमडी, १०डीई असेल तर एनव्हिडिया, ८०८६ असेल तर इंटेल. पुढचा 'डिव्हाइस' आकडा म्हणजे नेमकं मॉडेल. कार्डावरच्या स्टिकरपेक्षा यावर विश्वास ठेवा.

२. विंडोज ३२ बिट की ६४ बिट ते बघा.

३. कार्डाच्या खोक्यातली एक्सपीच्या जमान्यातली सीडी विंडोज १० वर लावू नका. व्हिस्टापासून डिस्प्ले ड्रायव्हरची रचनाच बदलली आणि विंडोज ८ पासून एक्सपीचे डिस्प्ले ड्रायव्हर चालतच नाहीत.

४. फाईल कंपनीच्याच साईटच्या जुन्या ड्रायव्हरच्या पानावरून घ्या. "ड्रायव्हर अपडेटर" म्हणून फुकट मिळणारी सॉफ्टवेअर्स नकोत. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप कंपनीच्या साईटवर मॉडेल नंबर टाकून बघा. दोन ग्राफिक्स असलेल्या जुन्या लॅपटॉपवर साधा ड्रायव्हर बऱ्याचदा गोंधळ घालतो.

५. रिलीज नोट्स वाचा. कंटाळवाणं आहे, पण आपलं कार्ड यादीत आहे का आणि माहीत असलेल्या अडचणी कोणत्या, हे तिथेच लिहिलेलं असतं.

६. परतीची वाट बांधा. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घ्या, सिस्टिम रिस्टोअर पॉईंट बनवा, आणि सध्या चालणाऱ्या ड्रायव्हरचा सेटअप डी ड्राइव्हवर ठेवा. सबमिशनच्या आदल्या रात्री यातलं काहीही करू नका. आणि लाईट जाण्याची वेळ असेल तेव्हाही नको, यूपीएस नसेल तर मुळीच नको.

टाकायची पद्धत

आधी नेट काढा. नाही तर आपण जुना ड्रायव्हर काढतो आणि विंडोज अपडेट मागच्या दाराने आपला टाकून मोकळं होतं. मग कंट्रोल पॅनेलमधून जुना ड्रायव्हर काढा. आधी बरेच प्रयोग झालेले असतील तर सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, चालवा. विंडोज ७ मध्ये सेफ मोडसाठी सुरुवातीला एफ-८, विंडोज १० मध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट.

रीस्टार्ट झाल्यावर नवीन सेटअप चालवा. 'कस्टम' निवडा आणि फक्त डिस्प्ले ड्रायव्हर घ्या. आवाज एचडीएमआयमधून हवा असेल तरच ऑडिओ ड्रायव्हर. बाकीचा पसारा चार जीबी रॅमवर ओझंच आहे. मध्ये स्क्रीन काही सेकंद काळी होते, दोन-तीनदा लुकलुकते. घाबरून पॉवरचं बटण दाबू नका.

सेटअप अडलाच तर डिव्हाइस मॅनेजरमधून 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राऊज', 'हॅव डिस्क' अशा मार्गाने आयएनएफ फाईल दाखवता येते. पण ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून आपल्या कार्डाचा आकडा घुसवू नका. तसं केलं की डिजिटल सही मोडते आणि ६४ बिट विंडोज तो ड्रायव्हर नाकारते (कोड ५२ दिसला तर हेच समजा). त्यासाठी सहीची तपासणीच बंद करणं म्हणजे हॉस्टेलचं गेट रात्रभर उघडं ठेवणं.

कॉन्फिगर करताना

रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचं ठेवा, रिफ्रेश रेट बहुतेक एलसीडीवर ६० हर्ट्झ. कंट्रोल पॅनेलमध्ये अँटी-अलायझिंग "अॅप्लिकेशन ठरवेल" असं ठेवा. जबरदस्तीने वाढवलं की मॉडेलिंगमध्ये रेषा विस्कटतात. पॉवर मॅनेजमेंट, काम करताना, जास्तीत जास्त परफॉर्मन्सवर. शेवटी सिस्टिम प्रॉपर्टीजच्या हार्डवेअर टॅबमधून विंडोजने आपोआप ड्रायव्हर टाकणं बंद करा आणि मगच नेट जोडा.

आता अर्धा तास तपासा. स्वतःचीच सगळ्यात जड असेंब्ली उघडा, फिरवा, झूम करा. बाजूला जीपीयू-झेडमध्ये तापमान बघत राहा. "डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग" असा निरोप आला तर समजून घ्या: कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने त्याला रीसेट केलं. हे दोन सेकंद रजिस्ट्रीतून वाढवता येतात, पण तो इलाज नव्हे. आधी फॅनवरची धूळ काढा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात निम्म्या वेळा दोषी तीच निघते.

आणि शिक्का म्हणजे देवाचा शब्द नाही, हेही लक्षात असू द्या. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्याने फॅनचं नियंत्रण बिघडून कार्डं तापत होती. तो बीटा नव्हता. म्हणून तापमान दोन्हींत बघायचं.

बिघडलं तर

स्क्रीन काळीच राहिली तर सेफ मोडमध्ये जा आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. ते बटण फिकं दिसत असेल तर रिस्टोअर पॉईंट वापरा. सेफ मोडपर्यंतही पोचता येत नसेल, तर विंडोज १० सुरू होतानाच दोन-तीनदा बंद केल्यावर दुरुस्तीचा मेनू स्वतःहून येतो. स्वच्छ केलेल्या विंडोजवर योग्य ड्रायव्हर टाकूनही कोड ४३ येत राहिला, तर मात्र कार्ड दुसऱ्या पीसीत लावून बघा. तिथेही तेच आलं, तर दुकानदार खरा.

थोडं पुढचं

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोअर टू ड्युओवर सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. शिवाय इतक्या जुन्या ड्रायव्हरना सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत नाहीत. म्हणून अशा पीसीवर ड्रॉइंग करा, पण बँकेचे व्यवहार टाळा. लिनक्स चालत असेल तर जुन्या रेडिऑनचा ड्रायव्हर त्यातच येतो, वेगळा बीटा शोधावा लागत नाही. ब्राऊझिंग आणि कोडिंगसाठी तो मार्ग चांगला. फक्त आपली काही सॉफ्टवेअर्स तिथे चालत नाहीत.

लॅबच्या पीसीवर यातलं काहीही विचारल्याशिवाय करू नका, तो पीसी साठ जणांचा असतो. सर-मॅडमना मात्र एक विनंती आहे. लॅबमध्ये एक वही ठेवूया: कुठल्या पीसीत कुठलं कार्ड, त्यावर कुठला ड्रायव्हर चालला, कुठला चालला नाही. सोबत त्या सेटअप फाईल्सचा एक फोल्डर. कंपन्यांच्या साईटवरून जुन्या फाईल्स कधी गायब होतील सांगता येत नाही. पुढच्या बॅचच्या मुला-मुलींना नवीन कार्डाऐवजी ती वही पुरेल.