सोमवार ते गुरुवार, क्लायंटच्या दारी

चि. सई,

कन्सल्टिंगची ऑफर घ्यावी का, असं तू विचारलंस. पगार, विमानप्रवास, मोठ्या हॉटेलातला मुक्काम हे सगळं खरंच असतं आणि ते तुला ठाऊकही आहे. प्रत्यक्ष काम काय असतं, ते मात्र कुणी नीट सांगत नाही.

नव्या ॲनालिस्टचा आठवडा बहुधा सोमवारी पहाटेच्या विमानाने सुरू होतो आणि गुरुवारी रात्री तो घरी परततो. मधले दिवस क्लायंटच्या एखाद्या बिनखिडकीच्या मीटिंग रूममध्ये जातात. सुरुवातीचे दिवस आकडे मागण्यातच सरतात. विक्रीचे आकडे एका खात्याकडे, खर्चाचे दुसऱ्याकडे, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. तो बसवायचा, एक्सेलमध्ये मॉडेल उभं करायचं, त्यातून स्लाइड काढायच्या. रात्री अकराला मॅनेजरचे शेरे येतात: शीर्षकात निष्कर्ष दिसत नाही, तळटीप राहिली, टक्क्यांची बेरीज ९९ येते. बार्बरा मिंटो यांनी मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत घडवलेली ‘पिरॅमिड’ पद्धत, म्हणजे आधी निष्कर्ष, मग कारणं, मग पुरावे, नव्या माणसाच्या अंगी अशी बाणवली जाते. ही शिस्त पुढे कुठेही उपयोगी पडते. तेवढ्यासाठीसुद्धा दोन वर्षं द्यावीत.

पण निष्कर्ष आधी मांडायची सवय लागली की तो आधीच ठरवून टाकण्याचीही लागते.

चाकणच्या एखाद्या कारखान्यातल्या प्रेस शॉपचं उदाहरण घे. मशीन बंद राहिलं की संगणकात ‘ब्रेकडाउन’ अशी नोंद पडते, कारण पर्यायांच्या यादीत पहिला पर्याय तोच असतो. त्यावर विसंबणारा ॲनालिस्ट मेंटेनन्सवर खापर फोडून मोकळा होतो. रात्रपाळीच्या सुपरवायझरची वही मागून घेणाऱ्याला वेगळंच दिसतं. मशीन बिघडलेलं नव्हतं. डाय, म्हणजे साचा, बदलायला क्रेन हवी होती आणि ती दुसऱ्या लाइनवर अडकली होती. तिथल्या प्रत्येक ऑपरेटरला हे माहीत असतं, पण त्याला कुणी विचारलेलं नसतं. पुष्कळदा उत्तर असं क्लायंटच्याच घरात पडलेलं असतं आणि ते सांगणाऱ्याचं नाव अहवालात कुठेच येत नाही. त्याची हरकत नसेल तर तू ते त्याच्या साहेबासमोर घे.

अहवाल दिल्यावर पुढे काय होतं, तेही बघून ठेव. २००३ साली ‘बॉम्बे फर्स्ट’ ही उद्योजकांची संस्था आणि मॅकिन्झी यांनी ‘व्हिजन मुंबई’ मांडलं. २०१३ पर्यंत मुंबई जागतिक दर्जाची करायची, निम्म्याहून अधिक असलेली झोपडपट्टीतली लोकसंख्या १० ते २० टक्क्यांवर आणायची, असा तो आराखडा. राज्य सरकारनेही तो मनावर घेतला, कृतिदल नेमलं. तरीही २०११ च्या जनगणनेत मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक कुटुंबं झोपडपट्टीतच होती. जमिनीचे दावे, भाड्याचे जुने कायदे, बिल्डरांची गणितं यांच्याशी झगडणं ही वर्षानुवर्षांची कामं आहेत, आणि सल्लागाराचा करार काही महिन्यांचा असतो.

अमेरिकेत घडलं ते याहून फार वाईट. ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक गोळीचं व्यसन माणसं मारत असताना मॅकिन्झी ती बनवणाऱ्या पर्ड्यू फार्माला तिची विक्री वाढवण्याचे मार्ग सुचवत होती. २०२१ मध्ये मॅकिन्झीची अमेरिकेतल्या राज्यांशी ५७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली. डिसेंबर २०२४ मध्ये फौजदारी चौकशी मिटवण्यासाठी तिला आणखी ६५ कोटी डॉलर मान्य करावे लागले. हे सल्ले हुशार, उत्तम शिकलेल्या लोकांनीच दिले होते. विक्री कशी वाढेल, एवढाच प्रश्न त्यांनी समोर ठेवला. मॅकिन्झीतच ‘असहमती नोंदवणं हे कर्तव्य’ असं तत्त्व अगदी नवख्यालाही शिकवतात, म्हणून हे अधिकच सलतं. ते तत्त्व चांगलं आहे. ते पाळायला मात्र पार्टनरसमोर, सगळ्यांदेखत, बोलावं लागतं.

ऑफर स्वीकारण्यापूर्वी त्या कंपनीतून दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या माणसांना गाठ. वर चढा नाहीतर वाट धरा, हा या धंद्याचा रिवाज आहे, तेव्हा अशी माणसं सहज सापडतील. एखाद्या क्लायंटचं काम नको म्हणण्याची मुभा ॲनालिस्टला आहे का आणि तसं म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं, हे त्यांना नेमकं विचार. काय म्हणतात ते मला कळव. ऑफरची मुदत संपायच्या आत आपण फोनवर बोलू.

तुझी आत्या