श्वेतस्राव व योनिकंडू : गृहोपचारांचे स्थान

रुग्णा कंबरदुखी व अशक्तपणा सांगते. औषध घेऊन उठताना, दाराशी पोहोचल्यावर, हळूच म्हणते, "अन् धुपणीचा बी त्रास हाय." बुलढाणा परिसरात चिकित्सा करताना हा अनुभव आम्हांस नवा नाही. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांस एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. पूर्वी कधी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ टक्के होत्या.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद् वर्णिल्या आहेत. पिच्छिलता, शैत्य, कंडू व अल्प वेदना ही कफजेची लक्षणे होत. अचरणेत अधावनामुळे जंतू उत्पन्न होऊन कंडू होते. म्हणजे स्राव हे लक्षण आहे. हेतू न शोधता प्रत्येकीस एकच चूर्ण देणे आम्हांस शास्त्रसंमत वाटत नाही.

धावनाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. त्रिफळा किंवा पंचवल्कलाचा ताजा, वस्त्रगाळ, कोमट काढा घरी केवळ बाह्यांग धुण्यास वापरावा. आतील मार्गाची स्वाभाविक अम्लता तेथील उपकारक जिवाणू राखतात. पिचकारीने पाणी, तुरटी अथवा जंतुनाशक आत सोडल्यास ती बिघडते आणि तक्रार पुनःपुन्हा उद्भवते. अंतर्धावन व पिचुधारण ही वैद्याने तपासणीनंतरच करावयाची कर्मे आहेत. साबणाचा अतिरेकही टाळावा.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, गोड्या पाण्याचीच वानवा; तेथे नुसते "स्वच्छता राखा" म्हणणे सोपे आहे! पाळीच्या घड्या लाजेपायी अंधाऱ्या कोपऱ्यात वाळविल्या जातात. त्या उन्हात वाळवाव्यात, हे घरातील सासूबाईंच्या कानीही घालावे. अंतर्वस्त्रे सुती व कोरडी असावीत. दही, मिष्टान्न, दिवास्वाप कमी करावेत.

आभ्यंतर चिकित्सेत चरकोक्त पुष्यानुग चूर्ण मध व तांदळाच्या धुवणाबरोबर योजावे; मात्रा वैद्याने ठरवावी. मधुमेही स्त्रीस मध देताना विचार करावा. कंडू वारंवार होत असल्यास रक्तशर्करा अवश्य तपासावी, कारण दह्याच्या कवडीसारखा स्राव व तीव्र खाज यांमागे पुष्कळदा बुरशीचा संसर्ग असतो आणि अनियंत्रित मधुमेहात तो पुनःपुन्हा होतो. माशासारखी दुर्गंधी किंवा हिरवट, फेसाळ स्राव असल्यास प्रयोगशाळेत तपासणी करावी. ट्रायकोमोनास आढळल्यास पतीचीही चिकित्सा हवी, अन्यथा स्त्रीवरील सारे उपचार व्यर्थ जातात.

गर्भिणी, ज्वर, ओटीपोटात तीव्र वेदना, समागमोत्तर रक्तस्राव अथवा रजोनिवृत्तीनंतरचा कोणताही रक्तस्राव असता गृहोपचारात एक दिवसही न दवडता रुग्णेस स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. ग्रीवेच्या कर्करोगाची शंका तपासणीनेच फिटते, नाडीपरीक्षेने नव्हे.