समुद्रमत्स्यांतील कृमी व कृमिघ्न चिकित्सेची मर्यादा

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या ७ व्या अध्यायात २० प्रकारचे कृमी वर्णिले असून कफज कृमींच्या हेतूंत दूध, गूळ, तीळ यांच्यासोबत मत्स्यही सांगितला आहे. तेथे मासा कफवर्धक आहार म्हणून हेतू ठरतो. माशाच्या देहातील कृमी मनुष्यात उतरतो, असा तेथील अभिप्राय नाही. हा भेद निसटला की "माशात किडा निघाला" म्हणत आलेल्या रुग्णास सरसकट कृमिकुठार रस दिला जातो.

मुंबईच्या बंदरांत उतरलेली मासळी बर्फात भरून कसारा घाटमार्गे नाशिकला येते. हलव्याच्या तोंडात कधीकधी पांढरट, अनेक पायांचा जीव चिकटलेला दिसतो व गृहिणी घाबरते. हा सायमोथोआ, कोळंबीचा दूरचा आप्त. तो माशाचे रक्त शोषतो, मनुष्यास त्याची बाधा नाही. मुशी व पाकट यांच्या आतड्यांत पट्टकृमी असतात. पश्चिम किनाऱ्यावरील अशा अनेक जातींचे वर्णन मराठवाडा विद्यापीठातील प्रा. जी. बी. शिंदे यांनी केले आहे. आतडी काढून टाकली की त्यांचाही प्रश्न उरत नाही.

खरे लक्ष द्यावयाचे ते अ‍ॅनिसाकिस या गोलकृमीकडे. याचे प्रौढ रूप देवमासा व डॉल्फिन यांच्या जठरात राहते; अळी सूक्ष्म कवचधारी जीवांतून मासे व माकूळ यांच्यात येते आणि यकृतावर, आतड्यांच्या आवरणावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वेटोळे करून पडते. लांबी साधारण २ ते ३ सें.मी. भारतीय किनाऱ्यावरील माशांतही या कुळातील अळ्या आढळल्या आहेत. १९६० साली हॉलंडमध्ये व्हॅन थील व सहकाऱ्यांनी अल्प मिठातील कच्चा हेरिंग मासा खाणाऱ्यांत हा रोग प्रथम स्पष्ट केला. आज सर्वाधिक रुग्ण जपानमध्ये आढळतात. आपल्याकडे कालवण व तळणे हीच रीत असल्याने तो विरळ, परंतु परदेशी जाऊन सुशी खाऊन आलेला तरुण आता आपल्याही चिकित्सालयात येतो.

कच्च्या माशानंतर काही तासांत आमाशयात तीव्र शूल, हृल्लास, छर्दी, क्वचित शीतपित्तासारखे मंडल, असे चित्र दिसल्यास केवळ अम्लपित्त म्हणून सोडू नये. अळी मनुष्यात प्रौढ होत नाही, अंडी घालत नाही. म्हणून मलपरीक्षणात काहीच सापडत नाही. ती जठराच्या भित्तीत तोंड खुपसून बसते, तेव्हा विडंगाची मात्रा वाढवून ती सुटेल ही अपेक्षा आम्हांस अनाठायी वाटते. चरकोक्त त्रिविध उपक्रमांत अपकर्षण प्रथम आहे, उपकरणाने ओढून काढणेही त्यात येते. एन्डोस्कोपीच्या चिमट्याने अळी काढणे हे त्याचेच आजचे रूप. असा रुग्ण विलंब न करता तज्ज्ञाकडे पाठवावा. श्वासकष्ट वा ओठांस शोथ असल्यास तर तत्काळ रुग्णालयात. या कृमीची काही प्रथिने उष्णतेनेही नष्ट होत नाहीत, त्यामुळे पूर्वी संवेदनशील झालेल्यास शिजवलेल्या माशानेही अंगावर गांधी उठू शकतात.

निदानपरिवर्जन मात्र सोपे. मासा शक्य तितक्या लवकर साफ करावा. कारण मासा मेल्यावर अळ्या आतड्यांतून मांसात शिरू शकतात. बर्फाने मासा ताजा राहतो, अळी मरत नाही. आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस उष्णता पोचल्यास, किंवा उणे २० अंशांत ७ दिवस ठेवल्यास ती मरते. मीठ, लिंबू वा व्हिनेगर यांत मुरवलेल्या कच्च्या माशाची खात्री नाही.

औषधी दुकानदारांनी विडंगारिष्टाची बाटली पुढे करण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत: मासा कच्चा होता काय, आणि पोट कधीपासून दुखते?